एकवीस जानेवारीचं पार्सल

पोटात भूक असताना माणसाने कुठलंही महत्त्वाचं काम करू नये, असं तानूअक्का नेहमी सांगायची. गुरुप्रसाद शिंदेने ते कधी मनावर घेतलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

नोव्हेंबरातला एक गुरुवार होता. गुरू घरूनच काम करत होता. घर म्हणजे बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या 'सरोवर ग्रीन्स' या सोसायटीतला फ्लॅट, सी-४०३. तिथे सरोवरही नव्हतं आणि हिरवं म्हणावं तर फाटकाचा रंग तेवढा होता. बारा वाजता त्याने फोनवरून एक बेण्णे डोसा, म्हणजे लोण्यातला डोसा, मागवला. नकाशावरची चिमुकली स्कूटर रस्ते ओलांडत आली, फाटकातून आत वळली आणि थांबली. 'तुमचा डिलिव्हरी पार्टनर जवळच आहे,' असं फोन म्हणाला. गुरूने ताट-वाटी घेतली आणि दाराकडे कान लावून बसला.

नुसतं बसवेना, म्हणून त्याने तेवढ्यात हातातलं एक काम उरकून टाकलं. ते काम काय होतं ते पुढे येईलच. ते झालं तरी डोसा आला नाही. तासाभरानेही फोन म्हणत होता की पार्टनर जवळच आहे. शेवटी गुरूने दहीभात कालवून खाल्ला आणि डोसेवाल्या कंपनीला एक खरमरीत तक्रार लिहिली. तिच्यात 'बेजबाबदार मुलगा' हे शब्द दोनदा आले होते. तिकडून उत्तर आलं, तुमची भावना आम्ही समजू शकतो. ऑर्डर मात्र बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यातही गुरूने फोन उघडला की वर तीच ओळ: तुमचा डिलिव्हरी पार्टनर जवळच आहे.

मग स्कूटरची भानगड उपटली. फाटकावरचा कृष्णमूर्ती एका सकाळी गुरूला अडवून म्हणाला, "सार, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये एक स्कूटर उभी आहे. चावी तशीच लावलेली. मालक नाही. कमिटीवाले माझं डोकं खातात."

"मग अ‍ॅपमध्ये बघा ना, कोण आलं होतं ते."

"बघितलं, सार." कृष्णमूर्ती जरा संकोचला. "अ‍ॅप म्हणतं, तो माझ्या जन्माच्या आधी आलाय."

यावर गुरूला हसू यायला हवं होतं. पण ते अ‍ॅप त्यानेच लिहिलं होतं.

त्याच्या कंपनीने सोसायट्यांच्या फाटकांसाठी हे अ‍ॅप काढलं होतं. नाव होतं 'होस्तिलु', म्हणजे कन्नडमध्ये उंबरठा. इंग्रजी अक्षरांत ते वाचून निम्म्या लोकांना वाटायचं की हे आपल्याशी वैर धरून आहे. काम मात्र सरळ होतं. कोणी आलं की फाटकावर त्याचा फोटो निघायचा आणि आत आल्याची वेळ पडायची. गेला की गेल्याची वेळ.

ही वेळ लिहिण्यातच गुरूने माती खाल्ली होती. कॉम्प्युटरला पंचांग कळत नाही, त्याला फक्त मोजता येतं. १९७० सालच्या एक जानेवारीला लंडनमध्ये मध्यरात्र झाली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या क्षणापासून कॉम्प्युटरचा शक सुरू होतो, आणि तेव्हापासून तो बिचारा मोजतोच आहे. फक्त काही प्रोग्रॅम सेकंद मोजतात आणि काही सेकंदाचे हजारावे भाग. गुरूचा प्रोग्रॅम सेकंद पाठवत होता आणि पलीकडचा त्यांना हजारावे भाग समजून वाचत होता. गिऱ्हाइकाने किलो म्हणावं आणि वाण्याने ग्रॅम तोलावेत, तसली गत. साडेपाच दशकांचा काळ त्या तराजूत जेमतेम वीस दिवसांचा भरला. म्हणून आठवडाभर सरोवर ग्रीन्समध्ये जो कोणी आला, तो एकवीस जानेवारी १९७० रोजी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास आला अशी नोंद झाली. अख्खा दिवस आक्रसून दीड मिनिटाचा झाला होता. आठवड्याभराचे कुरियरवाले, स्वयंपाकाच्या बायका, प्लंबर आणि सासवा दहा मिनिटांच्या आत येऊन गेल्या होत्या.

चूक गुरूच्या लक्षात आली आणि त्याने ती दुरुस्तही केली. डोशाची वाट बघत बसला असताना त्याने उरकलेलं काम ते हेच. पुढच्या नोंदी बिनचूक व्हायला लागल्या. मागच्या तशाच राहिल्या, कारण मागचं कोण बघतो?

आता कमिटी बघत होती. गुरूचा साहेब विद्याधर मूळचा पुण्याचा. त्याने दुसऱ्याच दिवशी गुरूला समोर बसवलं.

"गुरू, धिस इज एम्बॅरसिंग यार. कमिटीचा प्रेसिडेंट मला विचारतो, तुमची कंपनी एकोणीसशे सत्तरपासून आहे का म्हणून! सोमवारी त्यांचा ऑडिटर येतोय. त्याच्या आत सगळ्या जुन्या नोंदी करेक्ट पाहिजेत. सगळ्या म्हणजे सगळ्या."

"सोपं आहे सर. हजाराने गुणायचं. प्रत्येक आकड्याला मागे तीन शून्यं लावायची की झालं."

"मग लाव की!"

गुरूने त्या रात्रीच लावली असती. पण आधी त्याला स्कूटरवाल्याची नोंद बघायची होती. तक्रारीतल्या 'बेजबाबदार'वर त्याचं अजून पोट भरलं नव्हतं. आठवड्याच्या नोंदींत ज्याची जायची वेळ कोरी आहे असा एकच माणूस निघाला. नाव नागराज. काम डिलिव्हरी. कुणाकडे, सी-४०३. तो फाटकातून आत आला तेव्हा जुना प्रोग्रॅम चालू होता. लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर गुरूने नवा चढवला होता.

गुरूने फोटो उघडला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, भगवा टी-शर्ट, हातात पार्सलची पिशवी. डावी भुवई मधोमध तुटलेली.

गुरूने लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला. भुवई तशीच होती.

*

गुरू सहा वर्षांचा असताना त्याचे आईवडील अपघातात गेले आणि त्याला आत्याने वाढवलं. ही आत्या म्हणजे तानूबाई. धाकटा भाऊ, म्हणजे गुरूचा बाप, तिला अक्का म्हणायचा, म्हणून गुरूही अक्काच म्हणायचा. आत्याच्या नवऱ्याला पुण्याकडे काका म्हणतात; या घराला बेंगळुरूत तीनशेवर वर्षं झालेली, त्यामुळे तो कन्नडच्या वळणाने मामा झाला होता. नागराजमामा. मल्लेश्वरमच्या गल्ल्यांतून सायकलवर लोकांचे जेवणाचे डबे पोचवणारा, आणि अख्ख्या हयातीत कुणाचा डबा थंड होऊ न दिलेला माणूस.

मामाच्या काही खोडी होत्या. गुरू त्यांच्यासकट मोठा झाला होता, म्हणून त्याला त्या कधी खोडी वाटल्याच नाहीत. मामा पेपरमिंट आणायचा, पण हातात देण्याआधी म्हणायचा, "नंबर सांग." चार आकडी कुठलाही नंबर चालायचा. तो सांगितला की मामा आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघायचा, अंगठ्याने काहीतरी दाबल्यासारखं करायचा आणि मग पेपरमिंट द्यायचा. कुणाच्या दारात डबा ठेवला की दोन पावलं मागे सरून दोन्ही हात डोळ्यांसमोर धरायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, किती भाविक माणूस, अन्नाला नमस्कार करतो. आणि कुठलंही काम केलं, अगदी गुरूला सायकल शिकवली तरी शेवटी विचारायचा, "किती स्टार? पाच दे रे बा." घरच्यांना वाटायचं, मामाला मोठ्या हॉटेलांचा शौक आहे.

शनिवारी सकाळी गुरू मल्लेश्वरमला गेला. मामा डबे घेऊन बाहेर पडला होता. गुडघे दुखत असूनही चार घरचे डबे त्याने सोडले नव्हते. अक्का सोप्यात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो होता. गुरू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. हार, बाशिंग आणि मधोमध तुटलेली डावी भुवई.

त्याने फोनमधला फाटकावरचा फोटो काढून फोन अक्काच्या पुढ्यात धरला.

अक्काने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग शेंगांची परात बाजूला सारली.

"टी-शर्टाचा रंग विसरले होते बघ मी," ती म्हणाली. "भगवा होता, खरंच."

तो तिथेच जमिनीवर बसला.

"संक्रांत होऊन आठवडा झाला असेल," अक्काने सांगायला सुरुवात केली. "तुझी ती सोसायटी आहे ना, तिथं तेव्हा आपलंच रान होतं. आप्पा आणि मी शेंगा तोडत होतो. दुपारच्या कॉफीची वेळ. आणि एकदम माणसं यायला लागली रे. लाह्या फुटतात तशी. इथं एक, तिथं दोन, आणि पापणी लवायच्या आत गायब! लाल शर्ट, निळा शर्ट, पाठीवर ही मोठाली पेटी. एक बाई पोळपाट-लाटणं घेऊन आली, तीन-चार श्वास उभी राहिली आणि गेली. एक म्हातारी तर सुटकेसवर चांगली मिनिटभर बसून होती. माझ्याकडे बघून म्हणाली, एसी कुठंय? अय्यो, आप्पा तर बांधावर आडवेच झाले."

गुरूचं डोकं आपोआप गणित करत होतं. दहा मिनिटं राहिलेला कुरियरवाला तिथे अर्धा सेकंद दिसणार. तासभराची स्वयंपाकीण तीन-चार सेकंद. एक रात्र मुक्काम केलेली म्हातारी मिनिटभर. नोंदींत ती त्याला दिसली होती, बी-विंगमध्ये, कुणाच्या तरी सासूबाई. गणित चोख बसत होतं.

"मग सगळं थांबलं. हे एकटे राहिले. हातात पिशवी, दुसऱ्या हातात एक उजेडाची पाटी. मला म्हणतात, मॅडम, सी-चारशे तीन कुठं? मी म्हटलं, इथं एक विहीर आहे आणि एक खोपटं, तुम्हाला काय पाहिजे ते बघा. संध्याकाळपर्यंत रानात दार शोधत फिरले. पाटी विझली तेव्हा रडले. आप्पांनी जात विचारली, तर म्हणाले, पार्टनर. अनाथाश्रमात वाढलेले, मागं वाट बघणारं कोणी नव्हतं. कामाला वाघ. दोन वर्षांनी आप्पांनीच लग्न लावून दिलं."

"आणि तू कधी विचारलं नाहीस? कुठून आले म्हणून?"

"विचारलं की. एकच सांगतात. म्हणतात, एक डिलिव्हरी राहिलीय, ती झाली की निघायचं." अक्काने एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "पिशवी ट्रंकेत आहे. उघडून बघायची मला कधी छाती झाली नाही. पत्ता तेवढा नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. आणि तू गेल्या वर्षी घर घेतलंस. फोनवर नंबर सांगितलास, सी-चारशे तीन. म्हणून तुझ्या वास्तुशांतीला एकटी आले. यांना म्हटलं, लिफ्ट नाही, तुमचे गुडघे दुखतील."

गुरूला तेव्हा वाटलं होतं, अक्काला आपलं घर आवडलं नाही.

"तुझ्या कॉम्प्युटरात ते चुकीचं लिहिलंय म्हणतोस ना?" तिने विचारलं. "दुरुस्त केलंस तर काय होईल?"

"मग ती नोंद सांगेल की मामा त्या दिवशी आलेच नव्हते. या महिन्यात आले."

"मग इतकी वर्षं कोण होतं माझ्याबरोबर?"

अक्काच्या हातातली शेंग तशीच होती.

"राहू दे ते चुकीचं," ती म्हणाली. "स्वल्प चुकीचं असलं तर काय बिघडतं? आणि त्यांच्यापुढं तुझा घर नंबर काढू नको. सरी?"

"सरी, नाही काढत," गुरू म्हणाला.

*

सोमवारी सकाळी गुरूने नोंदी दुरुस्त करायचा प्रोग्रॅम चालवला. आठवड्याभराची माणसं एकामागून एक आपापल्या दिवशी, आपापल्या वेळी जाऊन बसली. म्हातारी सासू शनिवार-रविवारवर आली. फक्त एक नोंद वगळायची, असं गुरूने त्यात लिहून ठेवलं होतं. का वगळायची याचा खुलासा मात्र त्याला सुचला नव्हता.

विद्याधरच्या स्क्रीनवर चुकीच्या नोंदीचा तेवढा एक लाल ठिपका उरला. तो खुर्ची सरकवत गुरूच्या टेबलापाशी आला.

"हा एक राहिलाय."

"तो बरोबर आहे, सर."

"बरोबर? एकोणीसशे सत्तर? गुरू, तेव्हा आपलं अ‍ॅप नव्हतं, सोसायटी नव्हती, माझे आईबाबासुद्धा एकमेकांना भेटले नव्हते!"

"सर, एवढा एक सोडा. प्लीज. घरगुती अडचण आहे."

"डेटाबेसमध्ये घरगुती काय असतं?" विद्याधर म्हणाला, आणि गुरूच्याच कीबोर्डवर वाकून त्याने तीन शून्यं मारली. एंटर दाबलं. "डन. बघ, जग बुडालं का?"

जग जागच्या जागी होतं. एसीचा आवाज येत होता. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी चिवड्याचा पुडा फोडला. विद्याधर कॉफी आणायला गेला.

गुरूचा फोन वाजला. फाटकावरून कृष्णमूर्ती बोलत होता.

"सार, तो स्कूटरवाला सापडला. लिफ्टपाशी उभा आहे. कुठून आला कळलं नाही. तुमचं पार्सल आहे म्हणतो."

"कसा दिसतो?"

"तरणा पोरगा आहे, सार. पण म्हाताऱ्यासारखा रडतोय. कुण्या तानूला विचारतो. आपल्याकडे तानू कोण?"

"त्याला तिथेच बसवा. पाणी द्या," गुरू कसाबसा म्हणाला आणि त्याने मल्लेश्वरमचा नंबर लावला.

मल्लेश्वरमच्या घरी सकाळभर रेडिओ चालू असायचा. मामाला तो लागायचा. आज मागे काहीच वाजत नव्हतं.

"अक्का, मामा कुठे आहेत?"

"कोण मामा?"

"नागराजमामा!"

"कुठला नागराज रे?" अक्का म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कोरडा. "उन्हात फिरलास का? मी एकटी बाई, माझ्याकडे कोण असणार?"

गुरूने फोन टेबलावर ठेवला. स्क्रीनवर ती नोंद उघडीच होती. लांबलचक आकडा आणि शेवटी तीन शून्यं.

ती शून्यं खोडायची होती. एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

त्याने मामाचा चेहरा आठवून बघितला. भुवई आठवली. बाकीचा चेहरा येईना.

सायकल आपल्याला कोणी शिकवली? मागे सीट धरून कोणीतरी पळत होतं. तो वळून बघत होता. मागे नुसता रस्ता होता.

एक शून्य खोडलं.

पेपरमिंट. पेपरमिंट कोण आणायचं? कोणी आणायचंच नाही बहुतेक.

दुसरं खोडलं.

आता तो नुसता एका आकड्याकडे बघत बसला होता. हे आपण कशाला करतोय? साहेबाने सांगितलं तसं बरोबर तर होतं.

फोन अजून चालू होता. त्यातून अक्काचा आवाज आला, "हॅलो? गुरू? रडतोस का रे?"

त्याने गालाला हात लावला. गाल ओला होता. कशासाठी ते कळत नव्हतं, पण उगाच रडायचा त्याचा स्वभाव नव्हता. तेवढ्या एका पुराव्यावर त्याने तिसरं शून्य खोडलं आणि एंटर दाबलं.

फोनमधून रेडिओ वाजायला लागला. कुणीतरी कन्नडमध्ये भाजीचे भाव सांगत होतं.

"कोण, गुरू?" मामाने रेडिओच्या वरताण ओरडून विचारलं. "त्याला म्हणावं रविवारी ये, अक्का अवरेची उसळ करणार आहे. पाच स्टार!"

गुरू टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. पलीकडच्या टेबलावरच्याने चिवडा पुढे केला. तिकडे मामाने अक्काकडून फोन घेतला होता, आणि त्या सुटकेच्या भरात गुरूच्या तोंडून नको ते निघून गेलं.

"मामा, तुम्ही आहात ना! कुठे जाऊ नका. ते पार्सल तुमच्यापाशीच राहू दे. सी-चारशे तीनचं."

पलीकडे रेडिओ बंद झाला.

"ते तुझं होय रे?" मामाने हळूच विचारलं.

विद्याधर कॉफी घेऊन परतला तेव्हा लाल ठिपका पुन्हा जागेवर होता. गुरूने त्या नोंदीपुढे दोन शब्द लिहिले होते: टेस्ट डेटा, म्हणजे चाचणीपुरती घातलेली खोटी नोंद. या धंद्यात या दोन शब्दांपुढे ऑडिटरही हात जोडतो. विद्याधरने ठिपक्याकडे पाहिलं, गुरूच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पुढे गेला. थोड्या वेळाने कृष्णमूर्तीचा फोन आला.

"पाणी आणायला वळलो, सार, तेवढ्यात गेला. स्कूटर इथंच आहे. काय करू?"

"तिच्यावर कव्हर घाला," गुरू म्हणाला.

*

रविवारी गुरू मल्लेश्वरमला गेला. न जाण्याची सोय नव्हती. अवरेची उसळ झाली, ताक झालं. अक्का गुरूशी धड बोलत नव्हती. मामा आज ठेवणीतला शर्ट घालून बसला होता.

जेवण झाल्यावर तो आतल्या खोलीत गेला. ट्रंकेची कडी वाजली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदी पिशवी होती. पिशवीला सुरकुती नव्हती. वर बिल चिकटवलेलं होतं, त्यावर सी-४०३, आणि शाई अजून काळी कुळकुळीत. मामाने ती पिशवी जेवणाच्या टेबलावर गुरूसमोर ठेवली आणि दोन पावलं मागे सरून तो ताठ उभा राहिला. अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा, पण त्या वेळी फोटोतल्या पोरासारखा दिसला.

"उशीर झाला," तो म्हणाला. "माफ कर. पत्ता सापडत नव्हता."

"चालतं हो, मामा."

"नंबर सांग."

गुरूचा फोन त्याच्यासमोर होता. वर ओळ होती, तुमचा डिलिव्हरी पार्टनर जवळच आहे, आणि तिच्याखाली पार्सल घेताना सांगायचे ठळक चार आकडे. लहानपणापासून त्याने मामाला हजार नंबर सांगितले असतील, वाटेल ते, आणि सगळे चालले होते. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. तिच्या हातात डाव होता आणि त्यातून उसळीचा रस फरशीवर ठिबकत होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

गुरूने फोन पालथा घातला आणि एक नंबर सांगितला.

मामाने रिकाम्या तळहाताकडे बघितलं. अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं.

"चुकला," तो म्हणाला.

आजवर मामाच्या तोंडून हा शब्द गुरूने ऐकला नव्हता.

"मग मला आठवत नाही, मामा."

मामाने पिशवी उचलून छातीशी धरली. तो नाराज झाला की सुटला, हे गुरूला शेवटपर्यंत कळलं नाही.

"नंबर नाही तर देता येत नाही. रूल आहे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी आठवून ठेव हं. मी विचारीन."

तो पिशवी घेऊन आत गेला. ट्रंकेची कडी पुन्हा वाजली. पिशवी ठेवली होती तिथे टेबलाच्या काचेवर वाफेचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. अक्का पुढे आली आणि पदराने ते पुसायला लागली, आणि चटका बसून तिने हात झटकन मागे घेतला.